कोल्हा काकडीला राजी, कुत्रा कलिंगडाला

फाल्गुन सरून चैत्र लागला कीं बाजारांत कलिंगडांचे ढीग दिसूं लागतात, आणि या सदराकडे येणारे प्रश्नहि ऋतुमानाप्रमाणें बदलतात. यंदा आलेल्या पत्रांपैकीं एक कृष्णाकांठच्या एका भगिनीचें आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांत लहानमोठीं चौदा माणसें व एक कुत्रा. गेल्या उन्हाळ्यांत मुलांनीं परसांत थुंकलेल्या बियांतून कलिंगडाचा एक वेल आपोआप उगवला व त्याला दोन फळेंहि धरलीं. एके सकाळीं कुत्र्यानें त्या वेलाचीं पानें चघळलीं आणि घटकाभरानें त्यास ओकारी झाली. झालें! थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, वेल विषारी आहे. धाकटे भावोजी म्हणाले, कुत्राच साखळीनें बांधा. मामंजींनीं निर्णय दिला कीं रविवारीं वेल उपटावा. आणि ज्यानें त्या वेलास रोज तांब्याभर पाणी घातलें होतें तो नऊ वर्षांचा नातू दोन दिवस नीट जेवला नाहीं. पत्राच्या शेवटीं त्या भगिनी विचारतात, वेल खरोखरच विषारी आहे काय? आणि फळें पिकलीं तर त्यांतील फोड कुत्र्यास द्यावी कीं देऊं नये?

हा अंक निघेपर्यंत तो रविवार उलटून जाईल, म्हणून त्या भगिनींस आम्हीं टपालानें उत्तर धाडलेंच आहे: वेल उपटूं नये. तथापि प्रश्न एका घरापुरता नाहीं. आपल्या वाचकांच्या घरांतून कुत्रा आतां पुष्कळ ठिकाणीं आढळतो, आणि कलिंगड तर घरोघरीं येतें. म्हणून या विषयाचा विचार येथें थोडा विस्तारानें करितों. आमच्या सांगण्याचें सार इतकेंच कीं, वेल निर्दोष आहे, पिकलेल्या फळाचा गरहि निर्दोष आहे. धोका असतो तो आपल्या हातांत. आपण फळाचा कोणता भाग व किती देतों, आणि वेलाच्या मुळाशीं काय टाकतों, यांवर सर्व अवलंबून आहे.

प्रथम कुळाचा विचार करूं. कलिंगड, खरबूज, चिबूड, शेंदाड, काकडी, दुध्या, दोडका, कारलें हीं सर्व एकाच कुळांतलीं भावंडें होत. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण आपण अल्प लाभानें संतुष्ट होणाऱ्या मनुष्यास लावतों; पण ज्यानें ती प्रथम उच्चारली त्यानें मळ्याची राखण करतांना प्रत्यक्ष पाहूनच उच्चारली असली पाहिजे. कोल्हा मांसाहारी म्हणून प्रसिद्ध असला तरी तो बोरें खातो, ऊंस खातो, आणि कलिंगडाच्या मळ्यांत शिरून पिकलेलीं फळें फोडतो. कुत्रा त्याचाच सगोत्र. शिवाय मनुष्याच्या सहवासांत हजारों वर्षें काढल्यानें त्याच्या पचनशक्तींतहि पालट झाला आहे. स्वीडनमधील संशोधकांनीं सन २०१३ मध्यें असें दाखवून दिलें कीं, पिष्टमय अन्न पचविणाऱ्या स्रावाचें जें जनुक लांडग्यांत दोन प्रतींत असतें, तें कुत्र्यांत त्याच्या कित्येक पट प्रतींत आढळतें. म्हणजे मनुष्याच्या ताटांतील शाकान्न कुत्र्यास अगदींच परकें नव्हे. त्याला गोड चवहि कळते. मांजरास ती कळत नाहीं. म्हणूनच आपण कलिंगड चिरावयास बसलों असतां मांजर स्वस्थ झोपून राहतें आणि कुत्रा विळीपाशीं येऊन बसतो.

आतां वेलाकडे वळूं. अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरीं सन १८६६ मध्यें स्थापन झालेली ए. एस. पी. सी. ए. नांवाची प्राणिरक्षक संस्था जनावरांस विषारी कोणत्या व निर्विष कोणत्या अशा वनस्पतींच्या याद्या ठेवते. त्यांत खरबुजाच्या वेलाची गणना कुत्र्यास निर्विष अशा वनस्पतींत केलेली आहे. कलिंगडाचा वेलहि विषारी समजला जात नाहीं. मग त्या कुत्र्यास ओकारी कां झाली? कारण साधें आहे. या वेलांचीं पानें व देंठ खरखरीत, लवदार असतात. तीं घशास व पोटास टोंचतात, आणि त्यांतील तंतु कुत्र्यास पचत नाहींत. कुत्रें हरळी खाऊन ओकतें हें कोणी पाहिलें नाहीं? त्यांतलाच हा प्रकार. एकदां ओकून कुत्रा पुन्हां खेळूं लागला, पाणी प्याला, जेवला, तर काळजीचें कारण नाहीं. कोवळ्या रोपांत व मुळांत मात्र एक कडू द्रव्य असूं शकतें. शास्त्रज्ञ त्यास कुकर्बिटासिन म्हणतात. म्हणून माती उकरून मुळें खाण्याची खोड ज्या कुत्र्यास असेल त्याच्यासाठीं वेलाभोंवतीं चार काटक्यांचें कुंपण करावें. एवढ्यानें भागतें.

या कडू द्रव्याविषयीं आणखी दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कलिंगडाचें वन्य भावंड म्हणजे इंद्रवारुणी, आपलें कडू वृंदावन. दिसावयास लहानसें कलिंगडच. पण फळ मुठीएवढेंच राहतें, आणि त्याचा गर अत्यंत तीव्र रेचक असतो. असा वेल परसांत उगवला तर तो मात्र अवश्य काढावा. लागवडीच्या जातींतहि क्वचित् एखादें फळ कडू निपजतें, हें ध्यानांत ठेवावें. दिल्ली येथें सन २०१० मध्यें कडू दुध्याचा रस पिऊन एका गृहस्थास मृत्यु आला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीनें या विषयाची चौकशी केली, आणि कडू लागलेला रस मुळींच पिऊं नये असा सल्ला दिला. आपल्या परसांतील फळासहि तोच न्याय लावावा. घरीं पिकलेल्या फळाची कपची प्रथम आपल्या जिभेवर ठेवून पाहावी. कडू लागली तर थुंकून टाकावी, आणि तें फळ न माणसास द्यावें, न कुत्र्यास. कुत्र्याच्या जिभेवर विसंबूं नये; तो चावण्याआधींच गिळतो.

गोड, पिकलेल्या फळाचें काय? कलिंगडाच्या गरांत शंभर भागांत सुमारें ९१ भाग पाणी व ६ भाग साखर असते, आणि १०० ग्रॅम गरापासून सुमारें ३० कॅलरी मिळतात. खरबुजांत पाणी सुमारें ९० भाग व साखर सुमारें ८ भाग. पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम असा कीं, खाऊ म्हणून जें जें द्यावयाचें तें सर्व मिळून कुत्र्याच्या दिवसाच्या अन्नाच्या दशमांशाहून अधिक होऊं नये. येथें त्रैराशिक मांडल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. १० किलो वजनाच्या, हिंडत्याफिरत्या कुत्र्यास दिवसाला सुमारें ६०० कॅलरी लागतात. त्याचा दशमांश ६०. म्हणजे कलिंगडाचा गर फार तर २०० ग्रॅम, आणि तोहि त्या दिवशीं बिस्किट, पोळी, दूध असलें कांहीं न देतां. व्यवहारांत याच्या निम्मा पुरे. पहिल्या दिवशीं तर बोटाच्या पेराएवढे दोन तुकडेच द्यावे, आणि दुसऱ्या दिवशीं शौचास पातळ होत नाहीं ना, हें पाहून पुढें जावें. मधुमेह जडलेल्या किंवा फार स्थूल झालेल्या कुत्र्यास पशुवैद्यास विचारल्यावांचून गोड फळ देऊं नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यास खरबूज देतांना विशेष जपावें, कारण त्याच्या १०० ग्रॅम गरांत सुमारें २७० मिलिग्रॅम पोटॅशियम असतें. आणखी एक गोष्ट. कलिंगड पाणीदार खरें, पण तें पाणी नव्हे. फोड दिली म्हणून उन्हाळ्यांत कुत्र्याचें पाण्याचें भांडें रितें ठेवणें हें कांहीं भूतदयेचें लक्षण नव्हे.

बियांविषयीं एक गैरसमज आढळतो. सफरचंदाच्या बियांत व जर्दाळूच्या बियांत पोटांत गेल्यावर विष होणारें द्रव्य असतें, म्हणून कलिंगडाच्या बियांतहि तें असावें असें कित्येकांस वाटतें. तसें नाहीं, टरबुजाचा मगज आपणच थंडाईंत वाटून पितों. चार बिया पोटांत गेल्या तर त्या दुसऱ्या दिवशीं जशाच्या तशा बाहेर पडतात. पण लहान चणीच्या कुत्र्यानें मूठभर बिया गिळल्या तर आंतड्यांत अडथळा होऊं शकतो. म्हणून बिया काढूनच फोड द्यावी.

त्याहून अधिक चिंता सालीची. कलिंगडाची जाड पाठ व खरबुजाची साल कुत्र्यास पचत नाहीं. तिचा मोठा तुकडा घशांत तरी अडकतो नाहीं तर आंतड्यांत. आंतड्यांत अडकलेला तुकडा काढण्यास कधीं कधीं पोट चिरावें लागतें. आपल्याकडे पंगत उठली कीं सालींची पाटी परसांत ओतून ठेवितात आणि कुत्रा रात्रीं तिच्यावर यथेच्छ ताव मारितो. त्या साली गोठ्यांत जनावरांपुढें टाकाव्या, किंवा झांकणाच्या डब्यांत ठेवाव्या. कुत्रा वारंवार ओकूं लागला, अन्नावरची वासना गेली, पोट ताठ झालें, शौचास होईना व तो एका कोपऱ्यांत पडून राहूं लागला, तर साल अडकली असें समजून त्याच दिवशीं पशुवैद्यास गांठावें.

फळ चिरण्यापूर्वीं धुवावें, ही सूचना माणसें व कुत्रा या दोघांसाठीं आहे. खरबुजाच्या जाळीदार सालींत माती व जंतु अडकून राहतात. सुरी सालींतून गरांत उतरते तेव्हां तेहि तिच्याबरोबर आंत जातात. अमेरिकेंत सन २०११ मध्यें दूषित खरबुजांमुळें लिस्टेरिया नांवाच्या जंतूंची साथ पसरली व तींत ३३ माणसें दगावलीं. म्हणून फळ वाहत्या पाण्याखालीं चोळून धुवावें, आणि चिरलेलें फळ दोन तासांहून अधिक उघड्यावर ठेवूं नये. आंबूस वास येऊं लागलेलें फळ 'माणसांस नको तर कुत्र्यास घाला' ही आपल्या घरांतून चालत आलेली रीति आतां सोडून द्यावी. कुत्र्याचें पोट म्हणजे उकिरडा नव्हे.

कोल्ह्याची दुसरी म्हण वाचकांस ठाऊकच आहे: 'कोल्ह्याला द्राक्षें आंबट'. त्या कोल्ह्यास आपण हंसतों. पण कुत्र्याच्या बाबतींत द्राक्षें हातीं न लागणें हेंच भाग्य समजावें. द्राक्षें, बेदाणे व मनुका खाल्ल्यानें कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होतात, आणि कित्येकदां थोड्या द्राक्षांनींहि हा अनर्थ घडतो. याचें कारण द्राक्षांतील टार्टारिक आम्ल असावें असें अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं सन २०२१ मध्यें सुचविलें; पुढें सन २०२२ मध्यें चिंच खाल्लेल्या कुत्र्यांसहि तसाच विकार झाल्याचें त्यांनीं नमूद केलें, कारण चिंचेंतहि तेंच आम्ल विपुल असतें. ही गोष्ट येथें सांगण्याचें प्रयोजन असें कीं, कलिंगड व द्राक्षें आपल्याकडे एकाच हंगामांत बाजारांत येतात व एकाच तबकांत मांडलीं जातात. फळांची मिसळ करून उरलेली वाटी कुत्र्यापुढें ठेवणें म्हणजे निर्दोष फळाच्या हातांत हात घालून सदोष फळास घरांत घेणें होय. मीठ, चाट मसाला लावलेल्या फोडीहि त्यास देऊं नयेत. आणि चिंचगुळाच्या आमटींत भिजविलेली पोळी, कांद्याची भाजी हीं तर त्याच्या पानावरून कायमचीं उठवावीं; कांदा कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करितो.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. वेलाखालीं कुत्रा दगावल्याचें जेव्हां ऐकूं येतें, तेव्हां वेलापेक्षां त्याच्या मुळाशीं पाहावें. बागेसाठीं एरंडीची पेंड खत म्हणून विकत आणितात. एरंडाच्या बींत रायसिन नांवाचें घोर विष असतें, आणि तें नीट नाहींसें न केलेल्या पेंडींत शिल्लक राहतें. पेंडीच्या वासानें कुत्रा माती उकरतो. खाल्ल्यावर कांहीं तासांनीं, क्वचित् एकदोन दिवसांनीं, ओकाऱ्या व रक्ताचे जुलाब सुरू होतात. आणि या विषावर उतारा नाहीं. तोंपर्यंत पेंड मातींत मिसळून गेलेली असते, डोळ्यांपुढें दिसतो तो चघळलेला वेल, आणि दोष त्याच्या माथीं बसतो. उंदरांसाठीं पिठांत कालविलेलें झिंक फॉस्फाईड, गोगलगाईंसाठीं टाकलेल्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या, फळमाशीसाठीं गुळाच्या पाण्यांत मिसळून ठेविलेलें कीटकनाशक, हींहि त्याच पंक्तींतलीं. गूळ व पीठ हीं दोन्ही कुत्र्यास प्रिय. आपण त्याला आमंत्रणच देतों म्हणाना! ज्या परसांत कुत्रा व मुलें खेळतात तेथें एरंडीची पेंड घालूंच नये. शेणखत, पालापाचोळ्याचें खत किंवा निंबोळीची पेंड वापरावी. औषध फवारलें असेल तर डब्यावर जितके दिवस फळ न तोडण्यास सांगितलें असेल तितके दिवस कुत्र्यास वेलाकडे फिरकूं देऊं नये.

महाभारताच्या आदिपर्वांत सरमेच्या पिलाची कथा आहे. जनमेजयाच्या सत्रांत तें पिलूं आलें, आणि जनमेजयाच्या भावांनीं त्याला मारून हांकलून दिलें. त्यानें हविर्द्रव्य चाटलें नव्हतें, त्याकडे पाहिलेंहि नव्हतें. सरमेनें येऊन विचारलें, याचा अपराध कोणता? उत्तर कोणापाशींच नव्हतें. तेव्हां तिनें शाप दिला कीं, तुम्हांवर अदृष्ट भय येईल. निरपराध्यास शासन करण्याचें हें फळ आम्हांस मोठें अर्थपूर्ण वाटतें. निर्दोष वेल उपटून टाकला कीं घरच्यांचें समाधान होतें, कोणी पुढें शोध करीत नाहीं, आणि पेंडीचें पोतें मात्र त्याच कोपऱ्यांत राहतें. न दिसणारें भय तें हेंच. उद्यां त्या पोत्यापाशीं रांगतें मूलहि जाईल.

विषाचा संशय आला तर काय करावें, हें थोडक्यांत सांगतों. लाळ गळूं लागली, अंग थरथरूं लागलें, बाहुल्या लहान झाल्या, झटके आले किंवा रक्त पडूं लागलें, तर घटकेचाहि विलंब न करितां पशुवैद्याकडे न्यावें. काय खाल्लें, किती वाजतां खाल्लें, हें सांगावें आणि औषधाचा डबा किंवा पिशवी बरोबर न्यावी. तिच्यावरील नांवावरून उपचार ठरतो. मिठाचें पाणी पाजून ओकविण्याचा जुना उपाय करूं नये; त्या मिठानेंच कुत्रा दगावूं शकतो. दूध, तूप घशांत ओतूं नये. उंदराच्या विषानें कुत्रा ओकत असेल तर त्याला मोकळ्या हवेंत ठेवावें व आपणहि दूर राहावें, कारण त्या ओकारींतून विषारी वायु निघतो.

असो. एक शेवटचें त्रैराशिक उरलें आहे, आणि तें एकत्र कुटुंबाचेंच आहे. दुपारीं कलिंगड चिरलें कीं आजोबा एक फोड देतात, कारण कुत्रा त्यांच्याकडे टक लावून पाहतो. काकू एक देतात, कारण ती उरली आहे. आत्याबाई एक देतात, कारण त्यांना काकूंनीं दिलेली ठाऊक नसते. नातवंडें एकेक देतात, कारण त्यांना मौज वाटते. प्रत्येकानें एकच फोड दिली, कोणीहि अतिरेक केला नाहीं, आणि तरी चौदा माणसांच्या घरांतील कुत्र्याच्या पोटांत चौदा फोडी गेल्या! श्राद्धाच्या दिवशीं श्वानाचा भाग आपण काढून ठेवितों. तो एकच असतो, एकानेंच काढावयाचा असतो, आणि दुसरा कोणी त्यांत भर घालीत नाहीं. तीच शिस्त रोजच्या पानाला लावावी. घरांतील एकानेंच कुत्र्याचें वाढावें, आणि इतरांनीं त्याच्याकडे कितीहि करुणेनें पाहिलें तरी हात आंवरावा. हें काम घरांतील लहान मुलाकडे सोंपविलें तर अधिकच बरें. ज्याला मोजून द्यावयाचें असतें तें मूल मोजावयासहि शिकतें, आणि मुक्या प्राण्याचें कुशल आपल्या हातीं आहे हेंहि त्याला वेळेवर कळतें.